स्कोअरर काका गेल्यावर: मुलांच्या एका क्रिकेट संघाचं प्रकरण

प्रसंग

१२ वर्षांखालच्या मुलांचा क्रिकेट संघ. पटावर १४ मुलं, एक प्रशिक्षक, आणि सामन्याच्या दिवशी उरलेलं सगळं बघणारे एक गृहस्थ. वय ४४. संघाच्या यष्टिरक्षकाचे वडील. थोरली मुलगी १५ वर्षांची, तीही मुलींच्या संघात खेळणारी. एका बुधवारी रात्री घरीच हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. रविवारी सामना होता.

संघातली मुलं त्यांना काका म्हणत, म्हणून इथेही काकाच. नावं दिलेली नाहीत, आणि ओळख पटू नये म्हणून अशाच इतर प्रसंगांतले काही तपशील यात मिसळले आहेत.

काका प्रशिक्षक नव्हते, हे आधीच सांगायला हवं. प्रशिक्षक गेला तर त्याची जागा रिकामी झालेली सगळ्यांना दिसते. काकांसारखा माणूस गेला की कामं अडायला लागल्यावरच कळतं, तो काय काय उचलत होता. या प्रकरणातल्या बहुतेक चुका तिथूनच झाल्या. आदरांजली कशी मोठी करायची याची चर्चा तिसऱ्या दिवशी सुरू झाली. काका नेमकं काय करत होते याची यादी व्हायला तिसरा आठवडा उजाडला.

बातमी मुलांपर्यंत कशी गेली

गुरुवारी सकाळी पावणेसातला पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुलांच्या चौकटीतला फोटो आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असा मजकूर पडला. टाकणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण शाळेच्या सूचना आईच्या फोनवर येतात, त्यामुळे सकाळी तो फोन मुलांच्याच हातात असतो. चार मुलांना काका गेल्याचं त्या फोटोवरून कळलं.

तो मजकूर काढायला गेल्यावर दुसरी अडचण निघाली. ग्रुपचे एकमेव अ‍ॅडमिन काकाच होते. दुसऱ्याचा मजकूर काढणं किंवा ग्रुप काही वेळ बंद ठेवणं फक्त अ‍ॅडमिनलाच जमतं. शेवटी प्रशिक्षकांनी ज्यांनी तो टाकला त्यांनाच फोन करून ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला लावलं. मुलांच्या कुठल्याही ग्रुपला किमान दोन अ‍ॅडमिन हवेत.

त्यानंतर मात्र काम नीट झालं. प्रशिक्षक आणि दोन पालकांनी घरं वाटून घेतली आणि प्रत्येक घरी फोन केला. काकांच्या मुलाचे जवळचे मित्र आधी, बाकीचे नंतर. सगळे फोन होईपर्यंत कोणी ग्रुपवर काही लिहायचं नाही असं ठरलं. मग एकच मजकूर गेला:

‘काल रात्री काकांचं हृदयविकाराच्या झटक्यानं निधन झालं. मुलांना घरातल्या मोठ्या माणसानं जवळ बसवून सांगावं. सांगून होईपर्यंत फोन त्यांच्या हाती देऊ नये. घरी भेटायला कधी यायचं ते काकूंचे भाऊ कळवतील, तोवर काकूंना फोन करू नये. रविवारच्या सामन्याचं उद्या संध्याकाळी ७ पर्यंत कळवतो. काही विचारायचं असेल तर फक्त मला विचारा.’

यात शोकाचा एकही शब्द नाही, आणि पहिल्या दिवशी तो लागतही नाही. लागतं ते हे: काय झालं, आता काय करायचं, काय करायचं नाही, पुढची बातमी कधी आणि कोणाकडून.

मुलांना सांगताना ‘काका वारले’ असंच सांगायचं. साधारण ५ ते ७ या वयात मुलांना हळूहळू उमगतं की मेलेलं माणूस परत येत नाही, त्याला काही दुखत नाही, त्याला भूक लागत नाही, आणि हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं. संघातल्या मुलांना हे कळत होतं. त्यांच्या धाकट्या भावंडांना नव्हतं. एका घरात ‘काका झोपेतच गेले’ असं सांगितलं गेलं, तर तिथली पाच वर्षांची बहीण पुढचे काही दिवस झोपायलाच तयार होईना. ‘माझे बाबा पण मरतील का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात आला. त्यावर ‘छे, असं काही बोलू नये’ म्हणून मुलाला गप्प केलं की प्रश्न आत राहतो. चाललेलं उत्तर असं होतं: ‘बहुतेक माणसं म्हातारी होईपर्यंत जगतात. मी बरा आहे. आणि मला काही झालंच, तर तुझ्याजवळ कोण कोण असेल ते आपण सांगून ठेवूया.’ मग नावं घ्यायची. मुलांना त्या नावांचाच आधार वाटतो.

काकांच्या मुलाच्या मनात वेगळंच होतं, आणि ते नवव्या दिवशी बाहेर आलं. त्या बुधवारी संध्याकाळी काकांनी त्याला सरावासाठी शंभर चेंडू टाकले होते. काका ‘पुरे आता’ म्हणाले, तेव्हा त्यानं ‘अजून दहा’ म्हणून हट्ट धरला होता. ते दहा चेंडू आपण मागितले म्हणून बाबा गेले, असा त्याचा हिशेब होता. आईनं जवळ घेऊन ‘असं काही नसतं रे’ म्हटलं, पण तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून, कागदावर चित्र काढून समजावलं, तेव्हा फरक पडला: हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांच्या आतला थर जाड होत जायला वर्षं लागतात, तू जन्मायच्या आधीपासून ते चाललेलं असू शकतं, दहा चेंडूंनी ते होत नाही. या वयाच्या मुलाच्या मनात अपराधाची भावना जवळजवळ गृहीत धरावी. मूल बोलत नाही म्हणजे ती नाही, असं नसतं. आणि तिचा निचरा लाडानं होत नाही. कारण समजलं की होतो.

रविवारचा सामना

दोन मतं पडली. एक, ‘काकांना खेळ थांबलेला आवडला नसता, खेळूया.’ दुसरं, ‘यंदाची स्पर्धाच सोडून देऊ.’ दोन्ही मोठ्यांच्या भावनेची होती. प्रशिक्षकांनी शुक्रवारी सामना पुढे ढकलण्याची विनंती केली. समोरच्या संघानं ती लगेच मानली, आणि सामना बुधवारपासून अकराव्या दिवशी झाला. स्पर्धा सोडली असती तर मुलांचा आठवडाच मोडला असता. रविवारी खेळले असते तर काकांच्या मुलाला ‘खेळतोस का?’ असं चौथ्या दिवशी विचारावं लागलं असतं, आणि इतक्या लवकर मूल जे ‘हो’ म्हणतं ते समोरच्या माणसाचा चेहरा बघून.

एका पालकानं त्याला सचिनचं उदाहरण दिलंच. मे १९९९ मध्ये विश्वचषक चालू असताना रमेश तेंडुलकर गेले, सचिन घरी येऊन परत इंग्लंडला गेला आणि ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा केल्या. कोहलीचीही गोष्ट अशीच सांगतात: डिसेंबर २००६, रणजी सामना चालू असताना वडील गेले, तरी मैदानात उतरून त्यानं दिल्लीसाठी ९० धावांची खेळी केली. दोन्ही खरं. पण सचिन तेव्हा २६ वर्षांचा होता आणि कोहली १८ वर्षांचा, आणि आपलं आपण ठरवूनच दोघं उतरले होते. ११ वर्षांच्या पोराला यातून एवढंच ऐकू येतं की खेळला नाहीस तर तू कमी पडलास. हे उदाहरण अशा घरात काढूच नये.

काकांच्या मुलाला तीन वाटा दिल्या: खेळ, संघासोबत बस, किंवा घरी राहा. आणि ठरवलेलं कधीही बदलायची मुभा. ही मुभा नुसती बोलायची नसते, तिची तजवीज करावी लागते. नियम असा की नाणेफेकीपूर्वी खेळाडूंची नावं पंचांकडे लेखी द्यायची आणि त्यानंतर बदल करायचा तर समोरच्या कर्णधाराची संमती लागते. म्हणून प्रशिक्षकांनी आदल्या दिवशीच समोरच्या प्रशिक्षकांशी बोलून ठेवलं, आणि बारावा मुलगा पूर्ण पोशाखात तयार ठेवला. २०१७ च्या नियमावलीपासून राखीव क्षेत्ररक्षकाला पंचांच्या संमतीनं यष्टिरक्षण करता येतं. तेव्हा दुसऱ्या एका मुलाकडून आठवडाभर रोज वीस मिनिटं यष्टींमागचा सराव करून घेतला, त्याच्या हाताला बसतील असे ग्लोव्ह्ज आणले. फलंदाजी अर्ध्यावर सोडावी लागली तर आजार, दुखापत किंवा दुसऱ्या अपरिहार्य कारणानं फलंदाज ‘निवृत्त, नाबाद’ ठरतो आणि पुढे परत येऊ शकतो. ‘अपरिहार्य कारण’ म्हणजे काय हे पंचांना सामना सुरू होण्याआधी, मुलाच्या कानावर न पडता, सांगून ठेवलं.

तो खेळला. नऊ षटकं यष्टींमागे उभा राहिला, मग पोटात दुखतंय म्हणून बाहेर आला. राखीव मुलगा आत गेला. कोणी काही विचारलं नाही, खेळ दोन मिनिटंही थांबला नाही. तजवीज होती ती याचसाठी.

परतताना गाडीत तो मित्रांबरोबर खिदळत होता. ‘याला काही वाटतंय की नाही?’ असं एका आजोबांना वाटलं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये दुःखाचं जे चित्र मांडलं, त्यात दुःखात असलेला माणूस आळीपाळीनं दोन बाजूंना जात असतो: कधी गेलेल्याकडे, कधी चालू जगण्याकडे. मुलांमध्ये ही ये-जा फार झपाट्यानं होते, एकाच तासात दोनदासुद्धा. खिदळणं ही विश्रांती असते. ती मोडू नये.

काका काय काय करत होते

यादी अखेर एका कागदावर चार रकान्यांत केली: काम, कधी, कशाच्या आधारानं, आता कोण. वीस ओळी झाल्या. स्कोअरबुक लिहिणं, साहित्याच्या खोलीची किल्ली, चेंडूंचा हिशेब, मैदानाची वेळ ठरवणं, प्रथमोपचाराची पेटी, ज्यांच्या घरी गाडी नाही अशा तीन मुलांना आणणं-सोडणं, वर्गणी, पंचांचं मानधन, आणि हरल्यावर सगळ्यात शेवटी कोण बसून राहिलंय ते बघणं. शेवटचं काम रकान्यात घालायला कोणी तयार नव्हतं, पण प्रशिक्षकांनी घातलं आणि त्यापुढेही एक नाव लिहिलं. बरं केलं.

यादी उशिरा झाली त्यातला खरा धोका एकच होता. संघातल्या एका मुलाला दमा. त्याचा इनहेलर सरावाला आणि सामन्याला काकांच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात असायचा, आणि हे काका आणि त्या मुलाची आई सोडून कोणाला माहीत नव्हतं. काका गेल्यानंतर दोन सराव इनहेलर मैदानावर नसतानाच झाले. काही झालं नाही, नशीब. नंतर प्रत्येक मुलासाठी एक पान केलं: दोन फोन नंबर, कोणती औषधं, कशाची अ‍ॅलर्जी. एक प्रत साहित्याच्या बॅगेत, एक प्रशिक्षकांच्या फोनमध्ये. इनहेलर ज्याचा त्यानं स्वतःच्या बॅगेत ठेवायचा, वापराची मुदत दर महिन्याला बघायची.

किल्ली काकांच्या घरी होती. सहाव्या दिवशी एक पालक ती मागायला थेट दारात गेले, आणि काकूंना बॅग उपसावी लागली. पुढच्या वेळी ते नीट झालं: काकूंच्या भावाला एकच मजकूर, त्यात लागणाऱ्या सगळ्या वस्तू एकदम, ‘सवडीनं, घाई नाही’ असं म्हणून. घरून मागायच्या वस्तूंची यादी एकदाच करावी. चार जणांनी चार वेळा मागायला गेलं की तो घराला त्रास.

वर्गणी काकांच्या वैयक्तिक खात्यात होती. त्यांच्या फोनचा पासवर्ड मुलीला माहीत होता, तेव्हा ‘तेवढे पैसे वळते करून घेऊ’ असं कोणीतरी सुचवलं. हे कधीही करू नये. खातेदार गेल्यावर त्याच्या खात्याचा व्यवहार त्याच्या नावानं दुसऱ्यानं करायचा नसतो. रक्कम नामनिर्देशित व्यक्ती किंवा वारसांकडे रीतसर जाते, आणि मधे केलेला व्यवहार पुढे घरच्यांच्याच अंगाशी येतो. काकांच्या वहीवरून जमाखर्च उतरवला, त्यावर तीन पालकांनी सह्या केल्या, प्रत काकूंना दिली, आणि हंगामापुरती नवी वर्गणी काढली. पैसे मोकळे झाल्यावर घरच्यांनी ते परत केले. आता संघाचं खातं दोघांच्या सहीचं आहे.

आदरांजली

पहिला बेत असा होता: पंधरा दिवसांत काकांच्या नावानं एक दिवसाची स्पर्धा, मोठा फलक, मान्यवर, सात भाषणं. बेत काकूंकडे गेला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मुलांना स्टेजवर बोलावू नका. मला बोलायला लावू नका. आणि ह्यांचा तो सूटमधला फोटो नको, टोपीतला लावा.’ यानंतर बेत आपोआप आटोपशीर झाला.

ठरलं ते असं. सहाव्या आठवड्यात, नेहमीच्या साखळी सामन्याआधी, एकूण बारा मिनिटं. पंधरा दिवसांत करायचं तर घरात अजून माणसांची वर्दळ असते आणि मुलांना काय चाललंय ते धड कळत नाही. तीन महिन्यांवर गेलं तर हंगाम संपतो आणि संघ पांगतो. चार ते आठ आठवडे हा मधला काळ बरा.

काळ्या फितींचं काम फुटकळ वाटतं, पण तिथेच गोंधळ होतो. पिनांनी लावलेली फीत झेप घेताना सुटते आणि टोचते. चार सेंटीमीटर रुंदीचं काळं इलॅस्टिक घ्यायचं, मुलाच्या दंडाचा घेर मोजून त्यापेक्षा दोन सेंटीमीटर कमी लांबी धरायची, शिवणीसाठी वर एक सेंटीमीटर. वीस-बावीस फिती शिवायच्या, कारण समोरच्या संघातलीही काही मुलं मागतात.

मौन की टाळ्या, यावर बरीच चर्चा झाली. लहान मुलं एक मिनिट शांत उभी राहू शकतात, दोन मिनिटं नाही. दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी फिसकन हसतं आणि जन्मभर लक्षात ठेवतं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज चेंडू लागून गेला, त्यानंतर अ‍ॅडलेडच्या कसोटीआधी प्रेक्षकांनी ६३ सेकंद टाळ्या वाजवल्या होत्या, कारण चेंडू लागला तेव्हा तो ६३ धावांवर नाबाद होता. इथे एक मिनिट मौन आणि मग टाळ्या असं केलं. मौनाची सुरुवात आणि शेवट दोन्ही पंचांच्या इशाऱ्यानं, घड्याळ लावून. ‘आता संपलं का?’ असं वाटायला लागलं की मुलं एकमेकांकडे बघतात, आणि तिथे ते मोडतं.

भाषणं सातावरून तीनवर आली. प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे कागदावर साधारण दोनशे शब्द. गळा दाटला की वेग कमी होतो, हे धरून. कागद मोठ्या अक्षरात छापलेला, आणि त्याच मजकुराची दुसरी प्रत शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे, वाचणाऱ्याला पुढे जमलं नाही तर तिथूनच उचलायला. माइकला फोमचं आवरण घालायचं, नाहीतर मैदानावरचा वारा शब्दांपेक्षा मोठा ऐकू येतो.

प्रशिक्षकांच्या पहिल्या मसुद्यात होतं: ‘काका अत्यंत मनमिळाऊ, कुटुंबवत्सल आणि खेळावर निस्सीम प्रेम करणारे व्यक्तिमत्त्व होते.’ हे वाक्य कोणाच्याही बाबतीत चालतं, म्हणून ते कोणाचंच नसतं. एका पालकानं त्यांना तीन प्रश्न विचारले: काका मैदानावर कुठे उभे असायचे? कशावर चिडायचे? घरच्यांबद्दल काय बोलायचे? त्यातून जे वाचलं गेलं ते असं:

‘काका नेहमी साइटस्क्रीनच्या डाव्या हाताला बसायचे, कारण तिथून मुलींचं मैदानही दिसायचं. एका डोळ्यानं आपला स्कोअर लिहायचे, दुसऱ्यानं ताईची गोलंदाजी बघायचे. आपल्या संघानं पंचांशी हुज्जत घातली तर पेन्सिल खाली ठेवायचे आणि हुज्जत थांबेपर्यंत उचलायचे नाहीत. शनिवारी रात्रीचं कुठलंही आमंत्रण ते घ्यायचे नाहीत. म्हणायचे, शनिवारी आम्ही चौघं घरी जेवतो.’

मुलं ‘पेन्सिल खाली ठेवायचे’ला हसली. काकूही हसल्या.

वही, फोन, व्हिडिओ

काकांची स्कोअरबुकं चार होती, सगळी पेन्सिलीनं लिहिलेली. निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून काढलेला एम, वाइडची फुली, बाइजचा त्रिकोण, सगळं रेखीव. आणि समासात बारीक अक्षरात शेरे: ‘पहिला झेल’, ‘आज रडला नाही’, ‘पंचांना थँक्यू म्हणाला’. घरच्यांनाही हे शेरे माहीत नव्हते.

मूळ वह्या घराच्या, संघानं प्रती ठेवायच्या, हे विनावाद ठरलं. पेन्सिल उडत नाही, पण पुसट होते, म्हणून पानं एकमेकांवर घासू द्यायची नाहीत. ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं; कृष्णधवलमध्ये फिकी पेन्सिल गायब होते. लॅमिनेशन करायचं नाही, ते परत काढता येत नाही. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, तिचा डिंक पिवळा पडून कागद खातो. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी, आडवं ठेवायचं. मग प्रत्येक मुलाला त्याच्याबद्दल शेरा असलेल्या पानाची छापील प्रत दिली. पहिल्या सामन्याचं पान द्यायचं असं आधी ठरलं होतं, पण पाच जण पहिल्या सामन्यात शून्यावर बाद होते.

काकांचा आवाज बहुतेक सामन्यांच्या व्हिडिओंत मागून येतो, ‘दोन आहेत, दोन!’ असा. हे व्हिडिओ पालकांकडून गोळा करताना व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतले की दबून येतात, आणि मागचा आवाज आधी मरतो. मूळ फाइल केबलनं किंवा पेनड्राइव्हवर घ्यायची, दोन प्रती करायच्या, दुसरी वेगळ्या घरी ठेवायची.

काकांच्या फोनबद्दल कोणीच बोललं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅप खातं १२० दिवस वापरात नसेल तर बंद केलं जातं, आणि ग्रुपांमधून त्या व्यक्तीचं नाव जातं. रिचार्ज संपलेलं सिमही काही काळानं बंद होऊन तो नंबर दुसऱ्याला मिळतो. पाचव्या महिन्यात एका सकाळी जुन्या ग्रुपमधून काका ‘गेले’, आणि मुलानं ते पाहिलं. घरच्यांनी सिम चालू ठेवायचं की नाही हे पहिल्या महिन्यातच ठरवावं, आवाजाचे संदेश आधी बाहेर काढून ठेवावेत.

ढाल

‘सर्वोत्तम फलंदाज’ म्हणून काकांच्या नावानं ढाल द्यायचा विचार दोन कारणांनी बारगळला. काकांना धावांचं फारसं कौतुक नव्हतं. आणि काकांचा मुलगा त्याच संघात खेळतो: ढाल त्याला मिळाली तर लोक कुजबुजतात, नाही मिळाली तर बाबांची ढाल हुकल्याचं त्याला वाटतं. संघात १४ मुलं आणि काका खेळाडू नव्हते, म्हणून एखादा शर्टाचा क्रमांक निवृत्त करण्यातही अर्थ नव्हता. शेवटी ढाल राहिलीच नाही. दर हंगामात दोन मोठ्या मुलांना स्कोअरिंग शिकवायचं, चार सत्रं, त्यांना वही आणि पेन्सिल संघाकडून, एवढं ठरलं. पाच वर्षांनी फेरविचार, आणि घरच्यांना मधेच नको वाटलं तर कारण न विचारता बंद. काकांच्या मुलांनी बक्षीस द्यायला दरवर्षी उभं राहायचं, ही कल्पना अनेकांना हृद्य वाटते. त्या मुलांना ती दरवर्षीची परीक्षा होते.

मुलगी

सगळ्यात मोठी चूक तिच्या बाबतीत झाली, आणि ती प्रेमापोटी झाली. दुसऱ्या महिन्यात संघातल्या एका मुलाच्या आई तिला म्हणाल्या, ‘बाबांची वही आता तूच सांभाळ.’ तिनं दोन सामने स्कोअर लिहिला, नेटका लिहिला, सगळ्यांनी वाहवा केली. तिसऱ्या आठवड्यापासून ती मैदानावरच येईना, स्वतःच्या सरावालाही नाही. घरी ती भावाचा डबा, आईची औषधं, सगळं बघत होती. मैदान ही तिची एकच जागा होती जिथे ती कोणाची बदली नव्हती, आणि तीही गेली.

सुधारणा साधी होती. स्कोअरिंग दोन मोठ्या माणसांकडे दिलं. तिच्या संघाच्या प्रशिक्षकांनी तिला ‘ये’ असा आग्रह न करता दर आठवड्याला सरावाची वेळ आणि कोण सोडायला येईल एवढंच कळवलं. सहा आठवड्यांनी ती आली, फक्त गोलंदाजी टाकायला.

अशा मुलांच्या बाबतीत काय नेहमीचं आणि कशासाठी मदत घ्यायची, हे प्रशिक्षकांना ठाऊक हवं. झोप उडणं, पोटदुखी, चिडचिड, अभ्यासात मागे पडणं पहिल्या महिन्यांत होतंच. पण सहा महिन्यांनंतरही ओढ आणि वेदना रोज तितकीच तीव्र असेल आणि शाळा, मित्र, खेळ सगळं सुटलेलं असेल, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जावं. दीर्घकाळ टिकणाऱ्या शोकाचं निदान मुलांच्या बाबतीत सहा महिन्यांपासून करता येतं. मरण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल मूल बोलत असेल तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

पुढचा हंगाम

संघाचा दरवर्षी वडील-मुलांचा सामना असे. तो ‘घरच्यांचा सामना’ झाला, आणि तेही काकूंना विचारून. मामा खेळले, एक आजी पंच झाल्या.

मुलगा १४ वर्षांखालच्या संघात गेला तेव्हा नवीन प्रशिक्षकांना त्याच्याबद्दल काही माहीत नव्हतं, आणि पहिल्याच दिवशी ‘बाबांना सही करून आणायला सांग’ असं वाक्य आलं असतं. जुन्या प्रशिक्षकांनी त्याला विचारून, त्याच्यासमोर, पाच ओळी लिहून दिल्या: वडील गेल्या वर्षी अमुक महिन्यात गेले. सगळ्यांसमोर त्याचा उल्लेख केलेला त्याला आवडत नाही, एकट्यानं विचारलं तर बोलतो. वडिलांचा वाढदिवस आणि वर्षश्राद्धाच्या आठवड्यात यष्टींमागे लक्ष विचलित होतं, तेव्हा त्याला सीमारेषेजवळ उभं करावं. सह्या आणि फोन आईकडे, आणायला-सोडायला मामा. शेवटची ओळ त्यानं स्वतः सांगितली: सराव संपल्यावर ‘अजून दहा’ चेंडू मागितले तर टाकावेत.